टेबलचा भूतकाळ कुठे शोधायचा? स्कीमाच्या आवृत्त्यांचा थोडा इतिहास

समजा, तुम्हाला विकिपीडियाच्या सुरुवातीच्या वर्षांवर काम करायचंय. एखादा लेख सरासरी किती वेळा बदलला जायचा, एवढाच साधा प्रश्न आहे. तुम्ही २००४ सालचा डेटाबेस डंप मिळवता, मायएसक्यूएलमध्ये चढवता आणि आजच्या एखाद्या ट्युटोरियलमधली क्वेरी चालवता. उत्तर येतं, 'पेज' नावाचं टेबलच अस्तित्वात नाही. डंप खराब नाही आणि क्वेरीही चुकलेली नाही. दोन्ही वेगवेगळ्या काळातल्या आहेत, एवढंच.

२००४ मध्ये विकिपीडियामागच्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरमध्ये दोन मुख्य टेबलं होती. 'सीयूआर' या टेबलात प्रत्येक लेखाचा चालू मजकूर असायचा आणि 'ओल्ड' मध्ये आधीच्या सगळ्या आवृत्त्या. २००५ साली १.५ ही आवृत्ती आली आणि ही रचना मोडून 'पेज', 'रिव्हिजन' आणि 'टेक्स्ट' अशी तीन टेबलं झाली. कारण व्यवहारी होतं. जुन्या रचनेत 'ओल्ड' च्या प्रत्येक ओळीत लेखाचं शीर्षक पुन्हा पुन्हा साठवलं जायचं. त्यामुळे एका लेखाचं नाव बदललं की त्याच्या शेकडो ओळी बदलाव्या लागायच्या.

एरर आला तर खरं म्हणजे तुमचं नशीब चांगलं. एररमुळे माणूस थांबतो. त्रास होतो तो मुकाट चालणाऱ्या क्वेरीचा. १.५ मध्ये 'ओल्ड' टेबलचं नाव 'टेक्स्ट' झालं, पण आतल्या कॉलमची नावं तशीच राहिली: ओल्ड-आयडी, ओल्ड-टेक्स्ट. आधी या कॉलममध्ये फक्त मागच्या आवृत्त्यांचा मजकूर होता. नंतर चालू आवृत्तीचा मजकूरही तिथेच जायला लागला. म्हणजे ओळी मोजणारी जुनी स्क्रिप्ट टेबलचं नाव बदलून चालवली, तर ती तक्रार न करता चालेल आणि प्रत्येक लेखामागे एक जास्तीची आवृत्ती मोजेल. आलेखही सुंदर येईल!

म्हणून आजचा विषय: टेबलच्या व्याख्येचा इतिहास. एखाद्या टेबलमध्ये अमुक तारखेला कोणते कॉलम होते, ते कधी बदलले, ही माहिती परत मिळवायची साधनं कशी घडली आणि त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा? तुमच्यापैकी अनेक जण लवकरच दुसऱ्याने साठवलेल्या डेटावर संशोधन करणार आहात. तेव्हा हा प्रश्न तुमच्या दारात येणारच.

डेटाबेसला फक्त 'आज' माहीत असतो

रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली आयबीएममध्ये असताना मांडली. त्यांची मुख्य चिंता होती ती अशी की डेटा साठवण्याची पद्धत बदलली म्हणून वापरणाऱ्याचे प्रोग्राम मोडू नयेत. पुढे १९८५ मध्ये त्यांनी 'कॉम्प्युटरवर्ल्ड' मध्ये आपले प्रसिद्ध नियम लिहिले. त्यातला चौथा नियम आपल्या कामाचा आहे: डेटाबेसचं वर्णनसुद्धा साध्या डेटासारखंच टेबलांमध्ये असावं आणि त्याच भाषेत विचारता यावं. या वर्णनाला कॅटलॉग म्हणतात. एसक्यूएलच्या १९९२ च्या मानकात यालाच 'इन्फर्मेशन स्कीमा' असं ठरलेलं रूप मिळालं.

कॅटलॉग ही फारच देखणी कल्पना आहे. टेबलं किती, कॉलम कोणते, सगळं एका क्वेरीत कळतं. पण तो फक्त आत्ताचं सांगतो. तुम्ही 'ऑल्टर टेबल' चालवून एक कॉलम काढला की कॅटलॉगमधली त्याची नोंद जाते, आणि तो कॉलम कधी होता याचा मागमूसही उरत नाही. गावच्या दप्तरात जमिनीचा फेरफार न लिहिता थेट सातबाऱ्यावरचं नाव खोडून नवं लिहावं, तसं हे झालं. आजचा मालक कळतो, पण आधीचा कोण आणि जमीन कशी आली ते विचारायची सोय नाही.

डेटाबेसवाल्यांनी केलेले प्रयत्न

हा प्रश्न कोणाला सुचलाच नाही असं नाही. बर्कलीमध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांच्या गटाने १९८० च्या दशकात पोस्टग्रेस बांधलं, तेव्हा जुनी ओळ पुसायचीच नाही असं ठरवलं. बदल झाला की नवी ओळ लिहायची, जुनी तशीच ठेवायची, आणि वापरणाऱ्याला 'त्या दिवशी काय होतं?' असं विचारता यायचं. याला त्यांनी 'टाइम ट्रॅव्हल' म्हटलं. पण जागा आणि वेग या दोन्हींची किंमत जड पडली. १९९७ साली पोस्टग्रेएसक्यूएलच्या ६.२ या आवृत्तीत ही सोय काढून टाकली.

ओळींचा इतिहास ठेवणं एक, आणि टेबलच्या आकाराचा इतिहास ठेवणं दुसरं. दुसऱ्यावरही काम झालं. १९८७ मध्ये ओरायन या ऑब्जेक्ट डेटाबेसच्या गटाने स्कीमात कोणकोणते बदल होऊ शकतात याची पद्धतशीर यादी केली. १९९० मध्ये मॅकेन्झी आणि स्नॉडग्रास यांनी रिलेशनल बीजगणितातच स्कीमाचा बदल कसा बसवायचा ते दाखवलं. १९९५ मध्ये जॉन रॉडिक यांनी या सगळ्याचा आढावा घेतला. त्यातले तीन शब्द तुमच्या वहीत लिहून ठेवा, कारण ते अजून सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

१. स्कीमा मॉडिफिकेशन: डेटा भरलेल्या डेटाबेसचा स्कीमा बदलता येतो. बस, एवढंच.
२. स्कीमा इव्होल्यूशन: स्कीमा बदलता येतो आणि आधीचा डेटा हरवत नाही.
३. स्कीमा व्हर्जनिंग: आधीच्या कोणत्याही आवृत्तीच्या चष्म्यातून डेटा बघता येतो.

आपल्याला हवी आहे ती तिसरी गोष्ट. बाजारातल्या बहुतेक डेटाबेसनी दिली पहिली, आणि जमेल तशी दुसरी.

ओरॅकलचं उदाहरण घ्या. २००१ च्या सुमारास त्यांनी 'फ्लॅशबॅक क्वेरी' आणली. काही काळापूर्वी टेबलमध्ये काय होतं ते विचारता येऊ लागलं. पण मधल्या काळात टेबलची व्याख्या बदलली असेल, तर ओआरए-०१४६६ हा एरर येतो. अर्थ असा की टेबलची व्याख्या बदलली आहे, डेटा वाचता येत नाही. भूतकाळात जायला गाडी आहे, पण रस्त्यात स्कीमाचा बदल लागला की ती तिथेच थांबते.

एसक्यूएलच्या २०११ च्या मानकात काळानुसार आवृत्त्या ठेवणारी टेबलं आली. २०१६ च्या एसक्यूएल सर्व्हरने ती दिली, २०१८ मध्ये मारियाडीबी १०.३ ने दिली. इथेही तीच गाठ आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये चालू टेबलचा आकार बदलला की इतिहासाच्या टेबलचाही बदलतो. म्हणजे कॉलम काढला की तो जुन्या ओळींमधूनही जातो. मारियाडीबी जास्त सावध आहे: अशा टेबलवर 'ऑल्टर' करायला गेलात तर ती मुळात नकारच देते, तुम्ही सेटिंग बदलून मुद्दाम सांगेपर्यंत. दोन्ही ठिकाणी ओळींचा इतिहास जपला जातो, व्याख्येचा नाही.

खरा इतिहास साठला तो फाइलींमध्ये

इतिहास खरा जपला गेला तो डेटाबेसच्या बाहेर, आणि तोही जवळपास योगायोगाने. प्रोग्रामर लोकांना आपल्या कोडच्या आवृत्त्या ठेवायची सवय आधीपासून होती. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस केलं. त्यात नवी आवृत्ती पूर्ण ठेवायची आणि जुनीकडे जाण्यासाठी फक्त फरक ठेवायचे अशी युक्ती होती. मग सीव्हीएस, सबव्हर्जन आणि २००५ मध्ये गिट.

यातलं कोणतंही साधन डेटाबेससाठी बनलेलं नव्हतं. पण मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना वापरणाऱ्यांच्या हातात टेबलं तयार करायची स्क्रिप्ट द्यावीच लागते. म्हणून 'क्रिएट टेबल' च्या सगळ्या आज्ञा एका फाइलीत लिहिल्या जायच्या, आणि ती फाइल बाकीच्या कोडसोबत रेपॉझिटरीत जायची. मीडियाविकीत ती मेंटेनन्स फोल्डरमधली 'टेबल्स डॉट एसक्यूएल'. कोणी कॉलम वाढवला की फाइल बदलायची, कमिट व्हायची, आणि तारीख, नाव, कारण हे सगळं आपोआप नोंदलं जायचं.

याच काळात दुसरी एक पद्धत रुळली. तयार टेबलाचं वर्णन ठेवण्याऐवजी बदलांची यादी ठेवायची. २००३ मध्ये मार्टिन फाउलर आणि प्रमोद सदलगे यांनी डेटाबेस टप्प्याटप्प्याने कसा वाढवावा यावर लेख लिहिला. प्रत्येक बदल ही एक छोटी स्क्रिप्ट, तिला क्रमांक, आणि सगळ्या स्क्रिप्ट कोडसोबत. २००५ मध्ये रुबी ऑन रेल्सने याला 'मायग्रेशन' या नावाने घरोघरी पोचवलं. पुढे लिक्विबेस, फ्लायवे ही साधनं आली. ती डेटाबेसमध्येच एक छोटं टेबल ठेवतात: कोणती स्क्रिप्ट कधी चालली आणि तिचा चेकसम काय. जुनी स्क्रिप्ट नंतर कोणी गुपचूप बदलली तर चेकसम जुळत नाही आणि साधन बोंब मारतं. माझ्या मते हा छोटासा चेकसम फार मोलाचा आहे, कारण इथे पहिल्यांदा 'लिहिलेला इतिहास' आणि 'प्रत्यक्ष घडलेला इतिहास' एकमेकांशी ताडून पाहिले गेले.

मग संशोधक आले

स्कीमा प्रत्यक्षात किती बदलतो, हे मोजणारा सुरुवातीचा गाजलेला अभ्यास १९९३ चा, डाग शोबर्ग यांचा. त्यांनी आरोग्यव्यवस्थापनाच्या एका सिस्टिमवर १८ महिने लक्ष ठेवलं. टेबलं २३ वरून ५५ झाली, कॉलम १७८ वरून ६६६. मूळ टेबलांपैकी एकही बदलाविना राहिलं नाही. पण ही एकच सिस्टिम होती, आणि मोजायचं साधन तिला आधीपासून लावून ठेवावं लागलं. एखादी कंपनी आपल्या डेटाबेसला असं साधन लावू देणं ही दुर्मिळ गोष्ट होती.

२००८ मध्ये कार्लो क्युरिनो, ह्युन मून, लेतित्सिया तांका आणि कार्लो झानिओलो यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी मीडियाविकीच्या रेपॉझिटरीतून त्या टेबल्स फाइलची प्रत्येक आवृत्ती काढली. एप्रिल २००३ ते नोव्हेंबर २००७ या काळात १७१ आवृत्त्या मिळाल्या. टेबलं १७ वरून ३४ झाली होती, कॉलम १०० वरून २४२. कोणाची परवानगी नको, आधी साधन लावायला नको. इतिहास आधीच पडलेला होता, फक्त उचलायचा होता. त्याच गटाने कॅटलॉगचा इतिहास साठवून त्याला प्रश्न विचारता येतील असं एक साधनही बनवलं, हिस्टॉरिकल मेटाडेटा मॅनेजर. 'हा कॉलम कोणत्या काळात होता?' हा प्रश्न तिथे थेट विचारता येतो.

ग्रीसमधल्या योआनिना विद्यापीठात पानोस वासिलियादिस यांच्या गटाने 'हेकाटे' हे साधन केलं. त्याला एकामागून एक स्कीमा फाइली द्यायच्या, ते फरक काढून देतं. २०१४ च्या अभ्यासात त्यांनी आठ मुक्त प्रकल्प घेतले. त्यात मीडियाविकी आणि पीएचपीबीबी होतेच, पण जीनोमची माहिती ठेवणारा एन्सेंबल, बायोएसक्यूएल आणि सर्नच्या अ‍ॅटलास प्रयोगातला ट्रिगरचा डेटाबेसही होता. विज्ञान शाखेतून आलेल्यांनी इथे कान टवकारायला हवेत. ज्या डेटाबेसमधून आपण जनुकं आणि कण मोजतो, त्यांचेही आकार बदलत आलेत. या गटाला दिसलं असं की स्कीमा सतत वाढत नाही. बराच काळ शांतता, मध्येच बदलांचा झटका, आणि बहुतेक टेबलं जन्मल्यावर फारशी हलतच नाहीत.

हे साधन काय सांगत नाही

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, चला, रेपॉझिटरी आहे म्हणजे प्रश्न मिटला. थांबा. मला या लेखात मुख्यतः जे सांगायचंय ते इथे आहे. स्कीमाचा इतिहास काढणारं साधन फाइलीचा इतिहास देतं. त्यावरून टेबलचा इतिहास आपण अनुमानाने काढतो. या दोघांत निदान पाच फटी आहेत.

पहिली, आवृत्ती म्हणजे काय? त्या १७१ आवृत्त्यांमध्ये खरोखर टेबलं-कॉलम बदलणाऱ्या निम्म्याहून थोड्याच जास्त होत्या. बाकीच्यांत इंडेक्स, डेटा प्रकार, व्याकरणाच्या दुरुस्त्या, मागे घेतलेले बदल, अगदी नुसत्या कॉमेंटसुद्धा होत्या. 'स्कीमा १७१ वेळा बदलला' आणि 'फाइल १७१ वेळा बदलली' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरी, ओळख. कालच्या फाइलीत 'नाव' कॉलम होता, आज 'पूर्ण नाव' आहे. हे नामांतर आहे की एक काढून दुसरा घातला? दोन फाइलींची तुलना करून हे नक्की कळू शकत नाही. नावावरून जुळवणी करणारं साधन दोन बदल मोजेल, साम्यावरून अंदाज बांधणारं एकच. क्युरिनो यांच्या गटाने प्रिझम या कामात म्हणूनच बदल हे ठरावीक क्रियांच्या रूपात लिहायला सांगितले: नाव बदल, टेबल तोड, जोड. क्रिया नोंदली की हेतूही नोंदला जातो.

तिसरी, फाइल स्वतः हलते. याचं उदाहरणही मीडियाविकीचंच. २०२० च्या आसपास त्यांनी टेबलांच्या व्याख्या एसक्यूएलमधून जेसन फाइलीत हलवायला सुरुवात केली, म्हणजे एकाच वर्णनावरून मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट तिघांसाठी आज्ञा तयार करता येतील. एकेक टेबल जुन्या फाइलीतून निघालं आणि नव्या फाइलीत गेलं. आता केवळ जुन्या फाइलीवर नजर ठेवणारं साधन काय म्हणेल? मीडियाविकीची टेबलं एकामागून एक नष्ट झाली! प्रत्यक्षात साइट मजेत चालू होती.

चौथी, लिहिलेलं आणि चाललेलं. रेपॉझिटरीत कमिट झालेला बदल प्रत्येक सर्व्हरवर त्याच दिवशी चालला असं नसतं. मोठ्या टेबलवर तो हळूहळू, वेगवेगळ्या वेळी लागू होतो. कमिटची तारीख ही निर्णयाची तारीख आहे. तुमच्या हातातल्या डंपवर तो बदल झालाय की नाही हे डंपमधल्या 'क्रिएट टेबल' लाच विचारावं लागतं.

पाचवी आणि सगळ्यात मोठी: कोणाचा इतिहास उरला? विकिपीडिया जानेवारी २००१ मध्ये सुरू झाला, मायएसक्यूएलवर २००२ मध्ये आला. अभ्यासलेला इतिहास मात्र एप्रिल २००३ पासूनचा. त्याआधीचा काळ त्या नोंदीत नाही. आणि बँका, रुग्णालयं, सरकारी खाती यांचे स्कीमा सार्वजनिक रेपॉझिटरीत येतच नाहीत. 'बहुतेक टेबलं बदलत नाहीत' हा निष्कर्ष मुक्त सॉफ्टवेअरबद्दल आहे. शोबर्ग यांच्या त्या सिस्टिममध्ये तर सगळीच टेबलं बदलली होती. या दोन निष्कर्षांत विरोध असेलच असं नाही. त्यांचे पुरावे वेगळ्या जागेतून आलेत.

अलीकडचं वळण

गेल्या काही वर्षांत इतिहास पुन्हा डेटाच्या जवळ येतोय. नेटफ्लिक्समध्ये सुरू झालेल्या आइसबर्ग या टेबल फॉरमॅटमध्ये प्रत्येक कॉलमला नावाव्यतिरिक्त एक कायमचा क्रमांक असतो, आणि जुने स्कीमाही मेटाडेटात राहतात. नाव बदललं तरी क्रमांक तोच, म्हणजे वरची दुसरी फट बुजते. अ‍ॅमेझॉनच्या ग्लू कॅटलॉगमध्ये टेबलची व्याख्या बदलली की आधीची आवृत्ती बाजूला ठेवली जाते आणि नंतर मागता येते. डोल्ट या डेटाबेसने तर गिटचीच पद्धत टेबलांना लावली, त्यात डेटा आणि व्याख्या दोन्हींचे फरक पाहता येतात. रॉडिक यांची तिसरी व्याख्या कागदावरून हळूहळू जमिनीवर उतरतेय.

तुम्ही काय करायचं?

जुना डेटा हातात आला की विश्लेषणाआधी ही कामं करा. डंपमधली 'क्रिएट टेबल' विधानं वेगळी काढून ठेवा. तो तुमचा पहिला पुरावा. प्रकल्पाची रेपॉझिटरी खुली असेल तर गिट लॉगला स्कीमा फाइलचं नाव आणि 'पी' पर्याय द्या, म्हणजे प्रत्येक बदल फरकासह दिसेल. एखादा कॉलम कधी आला-गेला हे हवं असेल तर कॅपिटल 'एस' पर्यायासोबत त्याचं नाव द्या. फाइल कुठून कुठे हलली तेही तपासा. कमिटचे संदेश वाचा, कारण 'का' हे फक्त तिथेच सापडतं. आणि ओल्ड-आयडीसारख्या नावांवर विसंबू नका, त्या कॉलममध्ये त्या काळी नेमकं काय जात होतं ते कोडमध्ये जाऊन पाहा.

प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात मग एक परिच्छेद लिहा: कोणत्या तारखेचा स्कीमा, कुठून मिळवला, आवृत्ती कशाला मानलं, नामांतर कसं मोजलं. परीक्षक बहुधा हे विचारणार नाहीत. पण दहा वर्षांनी तुमचाच डेटा कोणी उघडला तर त्याला सगळ्यात आधी लागेल तो हाच परिच्छेद.

तुम्ही ज्या डेटाबेसवर काम करणार आहात त्याची स्कीमा फाइल कुठे आहे, हे आजच शोधून बघा. सापडली तर तिची सगळ्यात जुनी आवृत्ती उघडा आणि आजच्या आवृत्तीशेजारी ठेवा. पहिल्या अर्ध्या तासातच एखादा प्रश्न हाती लागेल.